पहिली कॉन्फरन्स: नांदेड ते हैदराबाद

आजचा भाग एका मेसेजमुळं आहे. लातूरची एक सेकंड इयरची मुलगी आहे, कॉम्प्युटरला. तिनं लिहिलंय, "दादा, कॉन्फरन्सला जायचं म्हणते, पण तिथं सगळे मोठ्या कंपनीतले, आयआयटीवाले असतात. आमच्यासारख्यांचं तिथं काय काम?"

तिकीट कितीला आहे, राहायचं कुठं, हे तिनं विचारलंच नाही. तिचा प्रश्न एकच, आमचं तिथं काय काम. मला वाटतं नांदेड-लातूरकडच्या निम्म्या पोरांची गाडी इथंच अडते, स्टेशनवर जायच्या आधी. म्हणून आज तेवढंच बोलू.

आधी एक गोष्ट साफ करू, कारण कॉलेजात "कॉन्फरन्स" म्हणलं की दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एक असते पेपर छापायची. त्यातल्या चांगल्या असतात तशा दुकानदारीवाल्याही असतात. मेल येतो, "डिअर रिसर्चर", दोन दिवसांत पेपर अ‍ॅक्सेप्ट, पेपर वाचून कुणी एक शंकासुद्धा काढलेली नाही, आणि विषयांच्या यादीत इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट, फार्मसी, योगा सगळं एकत्र. पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या. तिकडं जाऊ नका, एवढंच सांगतो. मी बोलतोय ती दुसरी, कम्युनिटीची कॉन्फरन्स. म्हणजे एखादी भाषा किंवा टूल वापरणारे लोक वर्षातून एकदा एकत्र येतात, आपण काय केलं ते सांगतात, नंतर बसून कोड लिहितात. पायकॉन इंडिया तशी आहे. २००९ ला बंगळुरूत सुरू झाली आणि तेव्हापासून शहरं बदलत फिरते. २०१८ ला हैदराबादला होती, २०१९ ला चेन्नई, २०२३ ला परत हैदराबाद. मी थर्ड इयरला असताना ऑक्टोबर २०१८ च्या हैदराबादच्या पायकॉनला गेलो होतो. त्यामुळं उदाहरणं तिथलीच देतो.

आता हैदराबाद का? आपल्याकडं पोराला बाहेर पाठवायचं म्हणलं की डोक्यात पुणंच येतं. क्लास पुण्याला, नोकरी पुण्याला, एमपीएससी पुण्याला. पण नकाशा बघा ना. नांदेडहून पुणं साडेचारशे किलोमीटर, हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास. आपलं नांदेड रेल्वे डिव्हिजन आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे. त्यावर आपल्याकडं किती भांडणं होतात ते माहितीच आहे, तो वेगळा भाग होईल.

आणि हे काही नवीन नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९५८ साली. त्याच्या आधी इकडच्या पोराला पुढं शिकायचं तर मुख्य रस्ता उस्मानिया विद्यापीठाचा, म्हणजे हैदराबादचा. उस्मानिया १९१८ चं आणि तिथं शिकवायचे उर्दूतून. विज्ञानसुद्धा उर्दूतून. पुस्तकं उर्दूत आणायला त्यांनी भाषांतराचं आख्खं खातं काढलं होतं. घरी मराठी बोलणारी पोरं मुक्कामाला नवीन शहरात जायची आणि वर्गात बसून उर्दूत नोट्स घ्यायची. आपण तर दोन दिवसांसाठी जायचंय, आणि आपलं अडतंय कशावर, तर "माझं इंग्लिश वीक आहे".

बरं, परवानगी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिलाच प्रश्न टाकला. "कुठं जायलालास? तिथं गेल्यावर नोकरी लागते का?" मी म्हणलं, नाही. "मग मार्क भेटतेत का?" नाही. "मग कशाला?" याचं चांगलं उत्तर तेव्हा माझ्याकडं नव्हतं. मी त्यांना वेबसाइटवरचं वेळापत्रक दाखवलं, सकाळी किती वाजता काय, संध्याकाळी कधी संपणार, कुणाकडं उतरणार. ते बघून म्हणले, "शाळेसारखंच दिसतंय की." झालं. घरच्यांना कॉन्फरन्सचं महत्त्व पटवायला जाऊ नका, वेळापत्रक दाखवा.

मुलींचं इतक्यात भागत नाही हे मला माहिती आहे. आमच्या ग्रुपमधली एक जण आली होती, तिचे वडील सोबत आले. दोन्ही दिवस बाहेर लॉबीत पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी व्हॉलंटिअर पोरं त्यांना "अंकल, चाय" म्हणून स्वतःहून चहा आणून द्यायला लागली, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. अशा कॉन्फरन्सचे वागणुकीचे नियम लिहिलेले असतात, तक्रार कुणाकडं करायची त्यांची नावं असतात. ते पान घरी मोठ्यानं वाचून दाखवा. पायलेडीज नावाचा पायथॉनवाल्या मुलींचा गटही आहे. आधी त्यांच्याशी बोलून ठेवलं तर सोबत मिळते.

प्रवासाचं पटकन सांगतो. नांदेडहून निजामाबाद, कामारेड्डी करत गाडी सिकंदराबादला जाते. स्लीपरचं तिकीट तेव्हा दोनशेच्या आसपास होतं. कार्यक्रम हायटेक सिटीकडं, एचआयसीसीला. सिकंदराबादहून तिकडं एमएमटीएस नावाची लोकल जाते, स्वस्तात. पुढं शेअर ऑटो. आता मेट्रोही हायटेक सिटीपर्यंत झालीय. देगलूर, संगारेड्डीवरून बसनं गेलात तर बस त्याच बाजूनं शहरात शिरते, सिकंदराबादला जायची गरजच नाही. लातूरवाल्यांनो, तुमची उदगीर, बीदर, विकाराबादवरून येणारी गाडी आधी लिंगमपल्लीला लागते. तिथं उतरलं की हायटेक सिटी जवळ. तेलुगू येत नाही म्हणून घाबरू नका, हैदराबादी हिंदी आपल्याला घरची वाटते. "नक्को" ऐकून तर मला वाटलं अजून नांदेडातच आहे.

मुद्द्यावर येतो. आमचं तिथं काय काम?

मी तेव्हा एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. आमच्या गावात बरेच जण सोयाबीन, तूर लातूरच्या बाजारात घालतात. एका व्यापाऱ्याकडून रोज ग्रुपवर भावाची पीडीएफ यायची. आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण असे रकाने. माझी स्क्रिप्ट त्यातून आकडे काढून मेसेज बनवायची, म्हणजे अण्णांना चष्मा लावून ती बारीक पीडीएफ बघावी लागू नये. एवढंच. हे कॉन्फरन्सला सांगण्यासारखं आहे असं मला अजिबात वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाच-सहा जण गोल करून उभे होते. मी जरा लांब, हातात ताट. त्यातला एक जण बाजूला सरकला आणि गोलात एक फट झाली. नंतर कळलं, याला पॅकमॅन रूल म्हणतात. एरिक होल्शर नावाच्या माणसानं हा नियम मांडला. घोळक्यात उभे राहाल तेव्हा एका माणसाची जागा मोकळी सोडा, पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी. नवीन माणूस आपोआप आत येतो.

तर मी आत शिरलो. कुठून आलास? नांदेड. "अच्छा, हुजूर साहिब!" नांदेडचं नाव सांगितलं की निम्म्या भारताचं उत्तर हेच असतं, आणि अनोळखी माणसाशी बोलायला हे फार बरं पडतं. मग काय करतोस? मी भीत भीत भावांच्या पीडीएफचं सांगितलं. आकडे देवनागरीत असतात, म्हणून एकेक आकडा इंग्रजीत बदलायला मी एक टेबल लिहिलंय, असं म्हणलं. तो सरकलेला माणूस म्हणला, "टेबल कशाला? इंट करून बघ." त्यानं तिथंच फोनवर पायथॉन उघडलं, इंट फंक्शनला देवनागरी आकडे दिले आणि सरळ संख्या बाहेर आली.

हे ज्यांना माहिती नाही त्यांनी आज करून बघा. युनिकोडमध्ये प्रत्येक आकड्यासोबत त्याची किंमत नोंदवलेली असते, लिपी कोणतीही असो. पायथॉन ३ ती किंमत वाचतं. रेजेक्समध्ये बॅकस्लॅश डी लिहिलं तर देवनागरी आकडे सापडतात, पण चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ लिहिलं तर एकही सापडत नाही. आणि जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला देवनागरी आकडे दिले की ते हात वर करतं, नॅन म्हणतं. हे मला आमच्या लॅबमध्ये कुणी सांगितलं नसतं, कारण लॅबमध्ये कुणाला देवनागरी आकड्यांचं कामच पडत नव्हतं.

पण खरी गंमत पुढं झाली. मी म्हणलं, आकड्यांचं ठीक आहे, पण जुन्या पीडीएफमध्ये "सोयाबीन" हा शब्दच सापडत नाही. दिसायला मराठी, आणि कॉपी करून पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, सगळ्याचा काला. ते सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना हे माहितीच नव्हतं! त्यांचं मराठी-हिंदी मजकुराशी काम युनिकोड आल्यानंतरचं. मी लहानपणापासून मामाच्या डीटीपीच्या दुकानात बसलेलो, तहसीलसमोर. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे डीव्हीबीवाले फॉन्ट, हे माझ्या रोजच्या बघण्यातलं. त्या फॉन्टमध्ये आतला कोड इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त चित्र मराठी अक्षराचं काढलेलं. फॉन्ट काढला की मराठी गेली. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, रफार नंतर, म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर बदलून चालत नाही, क्रमसुद्धा फिरवावा लागतो.

हे सांगायला मला अर्धा तास लागला. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून, हिंदीत, मध्ये इंग्रजी, एका पुणेकराशी मराठीत. एक बाई वहीत लिहून घेत होत्या. त्या सरकारी कागदपत्रांतून माहिती काढायचंच काम करायच्या आणि मराठी फायली त्यांनी "खराब डेटा" म्हणून बाजूला टाकल्या होत्या. म्हणजे बघा, आपल्या जिल्ह्यांची माहिती खराब नव्हती. ती वाचता येणारं माणूस त्या खोलीत नव्हतं, बस.

त्या दिवशी हॉलमध्ये जी भाषणं झाली त्यातली अर्धी माझ्या डोक्यावरून गेली. ती नंतर यूट्यूबवर बघता येतात, त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. पायऱ्यांवरचं बोलणं यूट्यूबवर येत नाही.

इथं मला लातूर पॅटर्नबद्दल थोडं बोलायचंय, राग मानू नका. मी त्यातूनच आलोय. ट्यूशन एरियात दोन वर्षं काढली, टेस्टवर टेस्ट दिल्या, आणि त्या पॅटर्नमुळंच माझ्यासारख्या घरातली हजारो पोरं डॉक्टर, इंजिनीअर झाली. त्याला नावं ठेवणारे बहुतेक पुण्यात बसून ठेवतात. पण त्यात एक सवय लागते. प्रश्न समोरून येणार, चार पर्याय असणार आणि उत्तर एकट्यानं द्यायचं. शेजारच्याला विचारलं तर ती कॉपी. कॉन्फरन्समध्ये शेजारच्याला विचारणं हेच काम असतं. तिथं कुणी तुमचा पर्सेंटाइल विचारत नाही. "कशात अडकलायस?" हे विचारतात. म्हणून जाताना रेझ्युमेच्या प्रती नेण्याआधी स्वतःचा एक अडलेला प्रश्न न्या. आणि तो शक्यतो घरचा असू द्या. बसचं वेळापत्रक, बाजारभाव, टँकर, सातबारा, काहीही. सिनेमाच्या रेकमेंडेशनचा प्रोजेक्ट तिथं दोनशे जणांनी केलेला असतो.

इंग्रजीचं एकच सांगतो. माइकवर प्रश्न विचारायचा असेल तर आधी कागदावर लिहा आणि वाचा. वाचून विचारणारे मी भरपूर बघितले, त्यात मोठमोठे लोक होते.

आता पैसे, कारण हे सगळं त्यावरच येऊन थांबतं. विद्यार्थ्यांचं तिकीट स्वस्त असतं, कॉलेजचं आयकार्ड लागतं. माझं तिकीट सोडून सगळं हजाराच्या आत झालं, कारण उतरलो गावाकडच्या एका दादाच्या रूमवर, अमीरपेटला. तिथल्या कोर्सच्या गल्ल्यांमध्ये आपल्याकडची पोरं सापडतातच, गावातल्या ग्रुपवर विचारून बघा. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी पायकॉन इंडियासारख्या कॉन्फरन्स आर्थिक मदत देतात. फॉर्म भरायचा असतो, का यायचंय ते लिहायचं असतं. तिथं "आय अ‍ॅम पॅशनेट" वगैरे लिहू नका. वडील काय करतात, खर्च किती येतो आणि तुमचा अडलेला प्रश्न कोणता, हे सरळ लिहा. पण एक लक्षात ठेवा, अशी मदत बहुतेकदा नंतर मिळते. आधी खिशातून घालायचं, मग तिकिटं दाखवून परत घ्यायचं. आपल्या घरात अडचण इथंच होते, पैसे परत येणार असले तरी आधी आणायचे कुठून? म्हणून अर्ज करतानाच आयोजकांना मेल करून विचारा, आधी देता येईल का. विचारायला काही लाजायचं नाही. आणि रेल्वेचं तिकीट, बसचं तिकीट, ऑटोची पावती मिळाली तर तीही, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

लातूरच्या त्या ताईसाठी शेवटचं. मोठी कॉन्फरन्स यायला वेळ असेल तर हैदराबादला हायडपाय म्हणून पायथॉनवाल्यांचा ग्रुप आहे, त्यांच्या भेटी होतात. फॉस युनायटेडचेही शहरोशहरी कार्यक्रम असतात. सकाळी निघून रात्री परत असं जमत असेल तर तिथून सुरू कर. आणि तुझा तो अडलेला प्रश्न मला आधी पाठव. त्यात जुन्या फॉन्टचं काही असेल तर मामाचं दुकान अजून चालू आहे.

भेटू पुढच्या रविवारी.