अनामिकेची लांबी आणि गर्भातले संप्रेरक

मुलग्याच्या गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याची पातळी सर्वाधिक असते. हाताची बोटे याच काळात कूर्चेच्या साच्यात आकार घेत असतात. त्या दिवसांतल्या संप्रेरकाची खूण प्रौढाच्या हाडांत शोधता येईल, ही कल्पना इथूनच निघते.

या शोधात सर्वांत जास्त मोजली गेली ती तर्जनी आणि अनामिका. तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागले की येणारे गुणोत्तर पुरुषांत सरासरीने थोडे कमी भरते, म्हणजे त्यांची अनामिका तुलनेने लांब असते. हा फरक एकोणिसाव्या शतकातच नोंदला गेला होता. जॉन मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याचा संबंध गर्भातल्या संप्रेरकांशी जोडला. २०११ मध्ये झेंग आणि कोन यांनी उंदरांच्या गर्भांवर प्रयोग केले. टेस्टोस्टेरॉन ज्यांना चिकटते ते ग्राही चौथ्या बोटात अधिक आढळले. ते निकामी केल्यावर त्या बोटाची वाढ मंदावली.

माणसांतला पुरावा इतका सरळ नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारात मुलीच्या गर्भाला पुरुषी संप्रेरके जास्त मिळतात. अशा मुलींचे गुणोत्तर काही अभ्यासांत कमी आढळले, तर एक्स-रेवरून हाडे मोजणाऱ्या २००३ च्या एका अभ्यासात फरक दिसला नाही. उलट, गुणसूत्रे पुरुषाची पण टेस्टोस्टेरॉनला शरीर दादच देत नाही, अशा स्त्रियांचे गुणोत्तर बायकी बाजूला झुकते. मात्र त्यांच्यात आपसातला फरक इतर स्त्रियांइतकाच राहतो. बोटांमधले फरक केवळ टेस्टोस्टेरॉनमुळे पडत असते, तर तो इथे आटायला हवा होता. या साऱ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा हाच म्हणावा लागेल.

पुराव्याखेरीज मोजमापाचीही अडचण आहे; ती तर कोलकात्याच्या पोलिसांना फार आधी कळली होती. गुन्हेगार ओळखण्यासाठी बर्तियाँ पद्धतीने डोके, पाऊल, डाव्या हाताचे मधले बोट अशी मापे घेतली जात; पण माप घेणारा बदलला की आकडाही बदले. अखेर १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचा विभाग इथेच, रायटर्स बिल्डिंगमध्ये सुरू झाला आणि मोजपट्टी मागे पडली. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची रीत बसवली. बोटांवरच्या त्या रेषाही गर्भातच उमटतात, पण त्यांना मोजपट्टी लागत नाही.

अनामिका ७० मिलिमीटर धरली, तर तर्जनीच्या मापातली एका मिलिमीटरची चूक गुणोत्तर सुमारे ०.०१४ ने हलवते. स्त्री-पुरुषांतला सरासरी फरकही जवळपास तेवढाच. त्यात समाजासमाजांतले फरक स्त्री-पुरुषांतल्या फरकाहून मोठे निघतात. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी १९५१ मध्ये महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या समाजांची शरीरमापे प्रसिद्ध केली, त्यामागची शिस्त इथेही पाळावी लागते: तुलना करायची ती त्याच समाजातल्या मापांशी. एकट्या माणसाच्या बोटांवरून त्याचा स्वभाव वा कल सांगणे म्हणजे हस्तसामुद्रिकच, फक्त हातात मोजपट्टी घेतलेले.

हाडांच्या बळकटीचा प्रश्न वेगळा आहे आणि अधिक कामाचाही. ड जीवनसत्त्व शरीरात संप्रेरकासारखेच वागते आणि कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते. गर्भारपणात त्याच्या गोळ्या दिल्याने बाळाची हाडे भरतात का, हे इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीने तपासले. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत एकंदरीत फरक दिसला नाही. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत मात्र तो दिसला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने नव्वदच्या दशकापासून मातांचा आणि मुलांचा मागोवा घेतला आहे. गर्भारपणी दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियम देणारे पदार्थ अधिक वेळा खाणाऱ्या आयांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक घन आढळली.