लॅपटॉप घेताना : तास आणि वॅट-तास



ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होतात, तेथे उभे राहून आम्ही लॅपटॉपच्या बॅटरीविषयी बोलणार आहोत, ह्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी ही खरेदी एकदा तरी झाली असेल, आणि ती करताना दुकानदाराच्या तोंडाकडे पाहण्यापलीकडे फारसे काही करता आले नसेल. आमचेही तसेच झाले. तेव्हा आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे पुढचे रूक्ष हिशेब ऐकण्याला आपणांस थोडा धीर येईल.

२०२२ साली आमचा थोरला भाचा बार्शीकडच्या खेड्यातून स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यास आला. मेहुण्यांनी सोयाबीनच्या पैशांतले साठ हजार आमच्या हाती ठेवले आणि म्हणाले, "तुम्ही शहरात राहता, तुम्हाला कळतं." आम्हाला काहीही कळत नव्हते; पण तसे कबूल करण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. दुकानात गेलो. विक्रेता चुणचुणीत होता. त्याने एक काळेकभिन्न, दणकट यंत्र पुढे केले, त्यातल्या ग्राफिक्स कार्डाची महती गायली आणि बॅटरीचे विचारताच म्हणाला, "साहेब, आठ तास बॅकअप!" आम्ही मान डोलावली आणि पैसे मोजले.

पंधरा दिवसांनी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत भाच्याला भेटावयास गेलो, तो यंत्राचा कोठे पत्ता नाही. विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, "मामा, अडीच तासांत बंद पडतो. चार्जिंग पॉइंटजवळची जागा पाहिजे तर पहाटे पाचला यावं लागतं." सराव परीक्षा अर्ध्यावर असताना एकदा यंत्र विझले होते. शिवाय यंत्र सव्वादोन किलोंचे आणि वर चार्जरची वीट निराळी. ते सारे लॉजवरच्या खोलीत ठेवून तो मोबाईलवर अभ्यास करीत होता. साठ हजारांची ही गत झाली, आणि मेहुणे एका शब्दाने बोलले नाहीत, हे आम्हाला अधिक लागले.

मग आम्ही ह्या प्रकरणाच्या मागे लागलो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की 'किती तास?' हा प्रश्नच चुकीचा आहे. बॅटरीत तास साठवलेले नसतात. वीज साठवलेली असते. ती वॅट-तासांत मोजतात. हंड्यात पाणी किती, हे जसे. आणि यंत्र ती वीज किती वेगाने पिते, ते वॅटमध्ये, म्हणजे तोटीची धार केवढी, हे तसे. पन्नास वॅट-तासांचा हंडा आणि पाच वॅटची धार असेल, तर दहा तास. दहा वॅट, तर पाच तास. आणि पंचवीस वॅटची धार सोडलीत, तर दोन तासांत हंडा कोरडा. ह्यापेक्षा अवघड गणित ह्यात नाही.

आमच्या भाच्याच्या यंत्रात ४८ वॅट-तासांची बॅटरी होती. आता दुसरे उदाहरण पाहा. २०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅपल कंपनीने एम-१ ह्या नव्या चिपवर चालणारा मॅकबुक एअर बाजारात आणला. त्याची बॅटरी ४९.९ वॅट-तासांची. म्हणजे दोन्ही हंडे जवळजवळ सारखेच! पण कंपनीचा दावा इंटरनेट पाहत पंधरा तासांचा होता. कंपनीचे दावे थोडे चाळून घ्यावे लागतात. दहाच तास धरले, तरी धार पाच वॅटचीच पडते. आमचे यंत्र मात्र नुसते लिहिण्या-वाचण्याच्या कामातही एकोणीस-वीस वॅट पीत होते. ज्या ग्राफिक्स कार्डाची आम्ही दुकानात तारीफ ऐकली, ते आणि तो दांडगा प्रोसेसर हीच ती मोठी तोटी. खेळ खेळणाऱ्याला ती हवी असते. राज्यघटनेची कलमे वाचणाऱ्याला तिचा काय उपयोग?

जाहिरातीतले तास कसे निघतात, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळदा यंत्रातच साठवलेला चित्रपट, पडदा मंद करून, बॅटरी संपेपर्यंत चालवतात. चित्रपट उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र, काटकसरी सोय असते. म्हणून आकडा फुगतो. आपण पडदा झगझगीत ठेवतो, वीस पाने उघडी टाकतो, व्हिडिओवर शिकवणी ऐकतो. तास निम्म्यावर आले, तर नवल नाही.

तेव्हा खिसा बेताचा असेल, तर दुकानात काय पाहावे? प्रथम वॅट-तास. 'तीन सेलची आहे' ह्या उत्तरावर समाधान मानू नये. तीन सेलची बॅटरी चाळीस वॅट-तासांचीही असते आणि साठांच्या जवळपासचीही. एकाच नावाचे यंत्र दोन आकारांच्या बॅटऱ्यांत विकले जाते, हा तर निव्वळ सापळा आहे. कोणी मिलिअँपिअर-तास सांगितले, तर त्यांना व्होल्टने गुणून हजाराने भागावे : चार हजार आणि ११.४ व्होल्ट, म्हणजे ४५.६ वॅट-तास. त्यानंतर प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचे अक्षर. इंग्रजी 'यू' बहुधा मितव्ययी, 'एच' बहुधा खर्चिक. हा अगदी काटेकोर नियम नव्हे, पण वाट दाखवतो. वजन विचारताना चार्जरसकट विचारावे. टाइप-सी वाटेने चार्ज होणारे यंत्र मिळाले, तर फारच बरे, कारण मग वेगळी वीट वाहावी लागत नाही. आणि मेमरी पुढे वाढवता येते की बोर्डावर डाख लावून बसवली आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विंडोजची स्नॅपड्रॅगन चिपवर चालणारी यंत्रेही आहेत. वीज ती कमी पितात, पण जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यांवर अडतात. ज्याच्या घरी जुना प्रिंटर आहे, त्याने आधी खात्री करावी.

कंपन्यांतून वापरून निघालेली यंत्रे निम्म्या किमतीत मिळतात. ती अस्पृश्य मानू नयेत. मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा नंतरची लागते. दुसरे, कमांडच्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असे इंग्रजीत लिहावे. यंत्र स्वतःच आपली कुंडली काढून देते : मुळात हंडा केवढा होता आणि आज किती भरतो. पन्नासचा तीसवर आला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागावेत. लिथियम-आयन बॅटरी झिजणारच. तो तिचा धर्म आहे. ह्या बॅटरीच्या घडणीबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले, त्यांतले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. माणसाची बॅटरी कधीकधी अधिक टिकते! यंत्राची टिकवायची, तर ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास ती लावून ठेवावी.

गेल्या वर्षी भाचीची पाळी आली. ह्या वेळी आम्ही दुकानात शिरताच वॅट-तास विचारले. विक्रेता गोंधळला, आत गेला, खोका घेऊन आला आणि दोघांनी मिळून त्यावरची बारीक अक्षरे वाचली. असे चार खोके पालथे घातले. शेवटी ५४ वॅट-तासांचे, 'यू' अक्षराचे, एक किलो चारशे ग्रॅमचे यंत्र मिळाले, आणि तेही भाच्याच्या यंत्राहून बारा हजारांनी स्वस्त. पडदा मात्र फिकट आहे. त्यावरचे रंग मेलेले दिसतात, अशी भाचीची तक्रार आहे आणि ती खरी आहे. ह्या किमतीत काहीतरी सोडावे लागते. आम्ही रंग सोडले. सकाळी नऊला ती अभ्यासिकेत जाते, ती दुपारी चारपर्यंत वायर काढीत नाही, आणि खिडकीजवळची, वारा येणारी, चार्जिंग पॉइंट नसलेली जागा तिला रोज मिळते. थोरल्याचे यंत्र गावी मेहुण्यांच्या टेबलावर कायमचे प्लगला जोडलेले आहे. सातबाराचे उतारे त्यावर फार जलद उघडतात, असे ते आम्हाला आवर्जून कळवतात.