दर उतरला, भाव उतरले का?



दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर होतो. दुसऱ्या दिवशी कधी ‘महागाई घटली’ असा मथळा येतो आणि नुकतीच मंडईतून परतलेली गृहिणी तो वाचून कपाळाला हात लावते. तिचा संशय अनाठायी नसतो.

जुलै २०२३ आठवा. टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली होती. भाजीपाला वर्षभरात ३७ टक्क्यांहून अधिक महागला आणि महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर पोहोचला. जुलै २०२४ मध्ये तोच दर साडेतीन टक्क्यांच्या घरात आला. जवळजवळ पाच वर्षांतील नीचांक! परंतु त्या महिन्यात निर्देशांक जूनपेक्षा चढलाच होता. कारण या दराची तुलना मागील महिन्याशी नव्हे, तर मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी होते. २०२३ चा जुलै इतका उंच, की त्याच्याशेजारी पुढचा जुलै ठेंगणा दिसला. जुलै २०२२ मध्ये १०० रुपयांत होणारा बाजार पुढील वर्षी १०७ रुपयांना आणि त्यापुढील वर्षी सुमारे १११ रुपयांना पडला.

त्यातही त्या मालिकेत अन्नपदार्थ व पेये यांचा भार सुमारे ४६ टक्के धरलेला होता. ज्या घरात याहून अधिक मिळकत स्वयंपाकघरातच खर्ची पडते, तेथील चटका अर्थातच मोठा. निवृत्त मंडळींनी मुदतठेवीच्या व्याजाचा ताळा घालताना एका जुलैचा आकडा न धरता लागोपाठच्या दोन वर्षांची वाढ एकत्र धरावी.