सावलीतला आकडा आणि उन्हातला माणूस



हवामानशास्त्राच्या मंडळाचे वर्ष कसे असते आणि कसे असावे, हा आजचा विषय. कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने त्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले. पण मला त्यात नवल वाटत नाही. गिरणीतल्या माणसाच्या डोक्यावर निदान पत्रे असतात. रस्ता खणणारा, विटा वाहणारी, हमाल, हातगाडीवाला यांचा कारखाना आभाळाखाली भरतो. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यात कामाच्या जागेतली हवा आणि उष्णता यांसाठी कलम १३ होते. आभाळाच्या छपराखालच्या कारखान्याला तसे कलम त्यात नव्हते. तेव्हा हवामानाची खरी गरज कोणाला आहे, हे वेगळे सांगायला नको.

हा विषय पुण्याला परका नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने येथे वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि त्याच साली हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले. १९२८ साली त्या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. ते पुढे दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या इमारतीला लोक आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. इंडियन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी ही संस्था १९५६ साली निघाली. तिची एक शाखा पुण्यात आहे, आणि शास्त्रज्ञांबरोबर सामान्य माणसालाही तिच्या व्याख्यानाला जाऊन बसता येते.

अशा शाखेचे वर्ष पंचांगाने चालत नाही, ऋतूने चालते. २३ मार्च हा जागतिक हवामान दिन, कारण १९५० साली त्या दिवशी जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. त्या सुमारास उपकरणांचे प्रदर्शन भरते आणि शाळेची मुले वेधशाळा पाहून जातात. एप्रिलात पावसाचा पहिला अंदाज येतो, की चर्चा सुरू. जूनमध्ये सगळ्यांचे डोळे नैऋत्येकडे. पाऊस परतला की त्याचा हिशेब मांडायचा: अंदाज किती उतरला, कोठे फसला. शिवाय वर्षातून एकदा देशभरच्या अभ्यासकांची परिषद. हा क्रम उत्तम आहे. माझे म्हणणे एवढेच, की या वर्षात जो आकडा जन्मास येतो तो आभाळाखालच्या माणसापर्यंत पोहोचतो का, हे कोणी तरी तपासावे.

उन्हापासून सुरुवात करू. ‘आज पारा चाळीस’ असे आपण वाचतो. हा पारा असतो कोठे? पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर. स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरने ती योजली. आत वारा खेळावा पण ऊन शिरू नये, अशी तिची रचना. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण तसे केल्यावाचून पुण्याची नागपूरशी तुलना करता यायची नाही. पण लक्षात घ्या, की हा आकडा सावलीतला आहे. डांबर ओतणारा माणूस त्या पेटीत उभा नसतो. त्याच्या डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली खडी आणि शेजारी पेटलेली भट्टी. पेटीतला चाळीस त्याचा चाळीस नव्हे.

त्या पेटीत तापमापक चार असतात: सुका, ओला, कमाल आणि किमान. वर्तमानपत्रात कमाल आणि किमान छापून येतात. ओल्याचा आकडा सहसा येत नाही. त्याच्या फुग्यावर ओले कापड असते. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडते आणि पारा खाली येतो. हवा दमट असली की फारसा उतरत नाही. आपल्या अंगाचेही असेच आहे. घाम सुकला तर शरीर निवते. घाम नुसता निथळत राहिला तर निवत नाही. म्हणूनच हवामानखाते मैदानात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ पासून. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारच्या उघड्यावरच्या समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे गेली. ती विदर्भातली दुपार नव्हती; समुद्राजवळची होती.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या शेजारीच झाला. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भयंकर लाट आली. अभ्यासकांनी नंतर मोजले तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले होते. २०१३ पासून त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा अमलात आणला: आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांना पूर्वसूचना, ठिकठिकाणी पाणी आणि सावली.

पण येथे मजुराचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मी वर्षानुवर्षे नाक्यावर ऐकत आलो आहे. “साहेब, इशारा समजला, पण बसून राहिलो तर हजेरी कोण देणार?” या प्रश्नाचे उत्तर तापमापकाजवळ नाही. ज्याला घरी थांबणे परवडत नाही, त्याच्या दृष्टीने इशारा ही फक्त एक बातमी असते. ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने २०२३ साली गुजरातेत सुमारे २१,००० स्त्रियांसाठी उन्हाचा विमा काढला. उष्णतामान ठरलेल्या मर्यादेपुढे गेले की पैसे मिळायचे, अशी ती योजना. तिचे सर्व गुणदोष धरूनही एक गोष्ट मला मोठी वाटते: तेथे वेधशाळेचा आकडा प्रथमच मजुरीच्या हिशेबात जाऊन बसला.

आता पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. दहा चौरस मीटरच्या खोलीच्या छपरावर ९,४४० लिटर! आणि त्याच शहरात कुलाब्याला? सुमारे ७४. कुलाब्याच्या एकट्या पर्जन्यमापकावर विसंबले असते तर मुंबईत त्या दिवशी विशेष काही घडलेच नव्हते. मोजण्याच्या जागा जितक्या अधिक, तितके सत्य अधिक.

विजेचे तसेच. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतात राबणारी फार. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाईलचे साधन केले आहे. आसपास वीज पडण्याचा संभव असला तर ते आगाऊ सांगते. पण मोबाईल मुकादमाच्या खिशात आणि बाया दूर शिवारात, अशी स्थिती असली तर मुकादमाने हाक मारलीच पाहिजे. शेवटचा मैलभर पल्ला यंत्र चालत नाही. माणसाला चालावा लागतो.

हे शास्त्रही काही आभाळातून पडलेले नाही. गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचे जागतिक संबंध शोधले, त्यामागे हाताने आकडेमोड करणाऱ्या हिंदी कारकुनांचे श्रम होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी उपकरणांवाचून आपले अडू नये म्हणून ॲना मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. ती उपकरणे खात्याच्या कर्मशाळांत कारागिरांच्या हातांनी घडली. श्रमिकांचा यात वाटा आहे. म्हणून हक्कही आहे.

तेव्हा हवामान मंडळांपुढे माझ्या चार सूचना आहेत. मार्चचे प्रदर्शन एक दिवस मजूर अड्ड्यावर, सकाळी सातला भरवावे. एप्रिलचे एक व्याख्यान ठेकेदार आणि मुकादमांसमोर व्हावे, विषय एकच: काम सकाळी लवकर आणि चारनंतर कसे लावता येईल. जूनपूर्वी शाळांच्या गच्चीवर आणि संघटनांच्या कचेऱ्यांवर पर्जन्यमापक बसावेत, आणि रोज सकाळी साडेआठला नोंद व्हावी. चौथी सूचना आम्हां संघटनावाल्यांनाही लागू आहे. करारात पगार आणि बोनस लिहितो, तसे उष्णतेचे कलमही लिहून घ्यावे: अमुक आकड्यापुढे काम बंद, हजेरी चालू. तो आकडा कोणता, हे शास्त्रज्ञांनी सांगावे. तो पाळला जाईल, हे आम्ही पाहावे.

मंडळाच्या वार्षिक अहवालात व्याख्याने किती झाली हे छापतात. ते छापावेच. त्याखाली आणखी एक ओळ असावी: यंदा आपल्या इशाऱ्यावरून किती ठिकाणी दुपारचे काम थांबले, आणि त्यांपैकी किती ठिकाणी मजुरी मिळाली. पहिल्या वर्षी तेथे शून्य आले तरी शून्यच छापावे. पर्जन्यमापक कोरडा राहिला तरी निरीक्षक त्या दिवसाची नोंद करतोच.