काम वरच्या पदाचं, ज्येष्ठता खालच्या पदाची
(भोपाळमधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी बरेच जण एमपीपीएससीची तयारी करताहेत, काही एमपीएससीची, आणि काही जण दोन्हींची. सीमेवरच्या मुलांचं असंच असतं. परीक्षा कशी पास व्हायची हे एमपी नगरच्या क्लासमध्ये शिकवतात. नोकरी लागल्यावर पुढे काय होतं, ते कुणी सांगत नाही. म्हणून आज तात्पुरती पदोन्नती आणि सेवाज्येष्ठता हा विषय घेतलाय. ऐकायला रुक्ष आहे, मान्य. पण ऑफिसात साहेब कोण होणार आणि फाईल घेऊन उभं कोण राहणार, हे त्या एका यादीवर ठरतं.

मध्य प्रदेशच्या पोलीस ठाण्यांत गेल्या काही वर्षांत एक शब्द सर्रास दिसू लागलाय, 'कार्यवाहक'. कार्यवाहक प्रधान आरक्षक, कार्यवाहक निरीक्षक. खांद्यावर वरच्या पदाची खूण, हातात वरच्या पदाचे अधिकार, जबाबदारीही पूर्ण वरची. फक्त वरच्या पदाचा पगार मागायचा नाही आणि ज्येष्ठतेवर हक्क सांगायचा नाही. थोडक्यात, खुर्ची दिली पण नावावर केली नाही.

हे असं का झालं? राज्याचे पदोन्नतीचे नियम 2002 चे होते, त्यात पदोन्नतीतलं आरक्षण होतं. 30 एप्रिल 2016 रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. आधार होता 2006 चा नागराज खटल्याचा निकाल. पदोन्नतीत आरक्षण द्यायचं तर मागासलेपणाची आणि अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी आधी गोळा करा, असं त्यात म्हटलं होतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, मे 2016 मध्ये 'जैसे थे'चा आदेश आला, आणि सगळंच थांबलं. राखीव असो की खुला, जवळपास सगळ्यांच्या नियमित पदोन्नत्या अडकल्या. माणसं ज्या पदावर होती त्याच पदावरून निवृत्त होऊ लागली. 2018 मध्ये सरकारने निवृत्तीचं वय 60 वरून 62 केलं. म्हणजे वाट बघायला आणखी दोन वर्षं मिळाली!

पण ठाणं चालवायला निरीक्षक लागतोच. मग 2021 पासून पोलिसांत 'उच्च पदाचा प्रभार' सुरू झाला. पुढे शालेय शिक्षण विभागातही तो आला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. समयमान वेतनमानामुळे पगार काही प्रमाणात वाढत राहतो, त्यामुळे सगळं नुकसान पैशातच मोजता येत नाही. खरं नुकसान तारखेचं आहे. तुम्ही त्या पदावर नेमके कधी आलात, ती तारीख. उद्या नियमित पदोन्नती झाली, तर 2021 पासून केलेलं काम मोजायचं की शून्यापासून सुरुवात करायची?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला दोन निकाल सापडले. गंमत म्हणजे दोन्ही महाराष्ट्र सरकारच्या इंजिनियरांचे आहेत.

पहिला 1977 चा, पटवर्धन खटला. खालून बढती मिळालेले उपअभियंता वर्षानुवर्षं काम करत होते, पण सरकार त्यांना 'कायम' करत नव्हतं. ज्येष्ठता कायम झाल्याच्या तारखेपासून धरायची असा नियम. मागून थेट भरतीने आलेला मुलगा मात्र यादीत त्यांच्या वर. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तो नियम टिकू दिला नाही. कायम होणं हे ना माणसाच्या लायकीवर अवलंबून असतं ना रिकाम्या जागांवर, ते सरकारी नोकरीतलं एक बेभरवशाचं प्रकरण आहे, असा त्यांचा रोख होता. त्यांनी दिलेला दाखला तर अफलातून आहे. एक न्यायाधीश उच्च न्यायालयात कायम झाले, आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून कायम झाल्याचा आदेश त्यानंतर काही वर्षांनी निघाला!

दुसरा निकाल 2 मे 1990 चा. या वेळी थेट भरतीच्या इंजिनियरांची संघटना विरुद्ध महाराष्ट्र राज्य, आणि पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. त्यातली दोन सूत्रं आजही प्रत्येक भांडणात निघतात. नेमणूक नियमाप्रमाणे झाली असेल, तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून. नेमणूक नियमाबाहेरची, निव्वळ वेळ मारून नेण्यासाठी केलेली असेल, तर तो काळ मोजायचा नाही. आणि दुसरं सूत्र: सुरुवातीला प्रक्रिया पूर्ण पाळली गेली नसली, तरी माणूस खंड न पडता त्याच पदावर राहिला आणि पुढे नियमाप्रमाणे नियमित झाला, तर मधला काळ मोजायचा.

या दोन सूत्रांच्या मधल्या फटीत हजारो माणसं अडकतात. आदेशात 'तात्पुरती' लिहिलंय म्हणजे संपलं, असं नाही. त्या पदावर माणूस कोणत्या वाटेने आला ते बघतात. जागा खरोखर रिकामी होती का, पात्र असलेल्या सगळ्यांचा विचार झाला का, की जो समोर दिसला त्याला बसवलं? ही अट मला योग्य वाटते. मर्जीतल्या माणसाला प्रभार देऊन नंतर तो काळ मोजला, तर ज्याला कुणी विचारलंच नाही त्याच्यावर अन्याय होतो.

पण भोपाळचं प्रकरण बघताना मला राग येतो तो वेगळ्या कारणाने. तात्पुरतं म्हणजे सहा महिने, फार तर वर्ष. इथे सरकार नियमच करू शकलं नाही, त्यातून पोकळी तयार झाली, ती भरायला प्रभार दिला, आणि वर अट घातली की ज्येष्ठता मागू नका. यादीप्रमाणे, सगळ्यांचा विचार करून प्रभार दिला असेल, तर ती वर्षं पुसून टाकायला माझ्या मते काही आधार उरत नाही. आता दुसरी बाजूही सांगते. तुम्ही उद्या थेट भरतीने याल. ती वर्षं मोजली गेली, तर यादीत खाली सरकाल ते तुम्हीच. तेव्हा हेच भाषण तुम्हाला आवडणार नाही.

सीमाभागाचा याच्याशी संबंध जुना आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हे हलले तसे कर्मचारीही हलले. नागपूर राजधानी होती, ती भोपाळला आली. मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात. बेळगाव, कारवार मैसूरमध्ये. वेगवेगळ्या राज्यांच्या ज्येष्ठता याद्या एकत्र करायच्या होत्या. पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 ने सेवाशर्तींना संरक्षण दिलं होतं. पण मैसूरमध्ये स्वच्छता निरीक्षकांची जिल्हावार यादी राज्यवार केली आणि काही जण एकदम खाली गेले, तेव्हा 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बढतीची 'शक्यता' ही सेवाशर्त नाही. बढतीसाठी विचार होण्याचा हक्क आहे, बढती मिळण्याचा नाही. नकाशावरची रेघ बदलली की माणूस यादीत कितव्या नंबरवर जातो, याचा हिशेब मात्र कुठल्या स्मारकावर कोरलेला नसतो.

म्हणून नोकरी लागली आणि कधी हातात असा आदेश पडला, तर पेढे वाटण्याआधी तो पूर्ण वाचा. 'पदोन्नती' लिहिलंय की 'प्रभार'? कोणत्या नियमाखाली? रिक्त पदावर की कुणाच्या रजेच्या जागी? ज्येष्ठतेचं वाक्य बहुतेक शेवटच्या परिच्छेदात असतं. आणि तात्पुरती ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की हरकतीची मुदत चुकवू नका. तोंडी आश्वासनावर राहू नका, हरकत लेखी द्या, पोच घ्या. महाराष्ट्रात 'मानीव दिनांक' नावाची सोय आहे: हक्क असून डावललं गेलं, तर पदोन्नतीची मागची तारीख मागता येते. पण मागावी लागते.

जून 2025 मध्ये वल्लभ भवनातून पदोन्नतीचे नवे नियम निघाले. नऊ वर्षांनी. निघाल्या निघाल्या ते उच्च न्यायालयात गेले. आता प्रश्न घ्या, आणि कुणाच्या घरी 'कार्यवाहक' असलेलं कुणी असेल तर त्यांचा आदेश पुढच्या बैठकीला आणा, नाव झाकून. एकत्र बसून वाचू.