जुन्या व्हॅनचा ब्रेक आणि आपले दोन हात

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते तुमच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीविषयी. सिंदेवाहीच्या बाजाराला भाजीपाला आणणारी, नवरगावकडून पोरे शाळेत पोचवणारी, अडल्यानडल्याला दवाखाना गाठणारी ती जुनी मारुती व्हॅन. 1984 साली ती प्रथम निघाली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि 2019 साली ती निघणे बंद झाले. म्हणजे आज जी ओम्नी धावते आहे ती जुनीच. इंजिन कुरकुरले तर आपण लगेच ऐकतो. ब्रेक मात्र कुरकुरत नाही. तो एके दिवशी लागतच नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्यावर ही वेळ आली. गाडीत सहा मुले. वळणावर गुरांचा कळप आडवा आला. पॅडल दाबले तर ते मऊ लोण्यासारखे खाली गेले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबले, हातब्रेक ओढला, तेव्हा गाडी एका कालवडीपासून चार हातांवर थांबली. शेजारी बसलेला आमचा गडी म्हणाला, “गुरुजी, बिरेक लागूनच नाही राहिला जी!” खरे सांगायचे तर चूक माझी होती. दोन महिने डबीतले ब्रेक ऑइल कमी होत होते आणि मी नुसते वरून ओतत होतो. अहो, ते तेल पेट्रोलसारखे जळून जात नाही. कमी झाले म्हणजे एक तर लायनर नाहीतर पॅड झिजले, नाहीतर कुठेतरी गळती आहे. माझ्या गाडीत मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळत होता. तेल बाहेर जात होते आणि हवा आत शिरत होती.

हवेने काय बिघडते, हे शिक्षक बंधुभगिनींना वर्गात दाखवता येईल. सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक लहान, एक मोठी. मध्ये सलाइनची नळी लावा आणि सगळे पाण्याने भरा. लहान दाबली की मोठी ताबडतोब सरकते, आणि तिचा जोरही जास्त. हाच पास्कलचा नियम. पायाच्या थोड्या दाबाने चाक आवळले जाते ते याच्याच जोरावर. आता नळीत थोडी हवा राहू द्या. लहान पिचकारी दाबाल, पण मोठी आळसावल्यासारखी उशिरा हलेल. पाणी दबत नाही, हवा दबते. पायाखालचे मऊ पॅडल म्हणजे हीच हवा.

ब्रेक ऑइलचा आणखी एक अवगुण आहे. ते हवेतली ओल शोषते, आणि आपल्याकडचा पावसाळा तर ठाऊकच आहे. डॉट तीन जातीचे नवे तेल 205 अंशांच्या आत उकळत नाही. ओल शोषलेल्या तेलाची हीच हमी 140 अंशांवर येते. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापते, वाफ होते आणि पुन्हा तेच मऊ पॅडल. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे, उघडी राहिलेली बाटली वापरू नये, आणि इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने रबरी वायसर फुगतात.

आता हाताने करायचे काम. गाडी सपाट, टणक जागी घ्या. मागचा ड्रम काढायचा तर हातब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅकवर भरवसा नको. सांगाड्याखाली ऐनाचा चांगला ठोकळा द्या. ड्रम काढल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात गेले की निघत नाही. पाण्याने भिजवून फडक्याने पुसा आणि फडके फेकून द्या. लायनर तेलाने ओले दिसले तर घासून वापरण्याचा मोह टाळा, दोन्ही बाजूंचे नवे बसवा. रिव्हेटचे लायनर असेल तर रिव्हेटचे डोके ड्रमला लागण्याआधीच बदला. रबरी पाइप वाकवून भेगा पाहा. एवढे करायला सकाळचे दोन तास पुरतात.

हवा काढायला दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे बहुधा मागच्या डाव्या चाकापासून, सुरुवात करा. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निप्पल उघडायचे. बुडबुडे निघाले की ते आवळायचे आणि मगच पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर सगळे मुसळ केरात. डबी मधूनमधून भरत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

नंतर पॅडल दाबून धरा. सावकाश खाली जात असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वायसर गेले आहेत. ते काम कारागिराचे. गाडी ओढत न्या, चालवत नको. पॅडल टणक राहिले तर रिकाम्या मैदानात माणसाच्या चालीने पाहा. गाडी एका बाजूला ओढली तर मुले बसवू नका.

नाला ओलांडला की ड्रम भिजतात. पुढे थोडे अंतर हळू चालवून पॅडलला हलका पाय ठेवा, म्हणजे ते सुकतात. नागभीड-मूल रस्त्याच्या जंगलात रात्री वेग दुप्पट केलात तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, आणि रानडुक्कर तेवढे थांबत नाही.

काढलेले तेल मात्र पुन्हा डबीत घालू नका, आणि धानाच्या बांधीत किंवा नाल्यातही ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा आणि पुढच्या खेपेला गॅरेजवाल्याकडे द्या.