अस्थींची पेटी आणि गोदेचा काठ



नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात हत्या झाली. त्या खटल्यात अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या वेळी त्यांच्या आप्तांपैकी कोणीही तेथे नव्हते. त्यांचे देह घरच्यांच्या हाती दिले गेले नाहीत. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनीच ते जाळले आणि अस्थीही ठाण्याजवळ समुद्रात टाकून दिल्या. या तरुणांच्या अस्थींना नाशिकचे रामकुंड लाभले नाही. अनंत तर जेमतेम अठरा वर्षांचा होता. गेलेल्या माणसाचे अखेरचे काम आपल्या हातांनी करता न येणे म्हणजे काय, हे त्या तीन घरांनी सोसले.

आपल्याकडे मृत्यूनंतरचे काम हातांचे असते. शेजारीपाजारी बांबू आणतात, सुंभाने तिरडी बांधतात. कोणी मडके आणतो, कोणी गोवऱ्या रचतो. तिरडी कोणी बाजारातून तयार आणावी अशी अपेक्षा नसते. पुढे अस्थिसंचयनाला मुलगा राखेतून फुले वेचतो, ती मातीच्या वा तांब्याच्या कलशात ठेवतो, कलशाचे तोंड वस्त्राने बांधतो. हा कलश घरात न आणता झाडाला टांगण्याची वा स्मशानातच ठेवण्याची रीत आहे. दहा दिवसांच्या आत अस्थी तीर्थात जाव्यात, असा संकेत आहे. दुःखाने बधिर झालेल्या माणसाला या प्रत्येक कामाने एक एक पाऊल पुढे नेले जाते.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात यातले फारसे काही उरत नाही. तेथे व्यावसायिक संस्थेची माणसे देह घेऊन जातात. दहन बंद दाराआड होते. काही दिवसांनी मुलाच्या हाती येते ती प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली, यंत्राने बारीक केलेली राख. वेचण्यासाठी फुले नसतात, टांगण्यासाठी झाड नसते. नाशिकला जायला सवड, रजा आणि तिकीट मिळेपर्यंत कधी महिने लोटतात. तोवर वडील एका कपाटात असतात आणि मुलाच्या मनात एक अपराधी भाव घर करून राहतो.

अशा वेळी स्वतःच्या हातांनी लाकडी पेटी करणे हा एक सात्त्विक उपाय आहे. ही आपली जुनी प्रथा आहे असे म्हणता येणार नाही. आपला कलश मातीचा आणि तांब्याचा. पण तिरडी बांधणाऱ्या हातांना जे समाधान मिळते, त्याच जातीचे समाधान या कामात आहे.

त्यात अवघडही काही नाही. प्रौढ माणसाची राख साधारण दोन ते तीन किलो भरते आणि तिला तीन ते साडेतीन लिटर जागा लागते. आतून लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी सोळा सेंटिमीटर ठेवली, तर सुमारे चार लिटरची पेटी होते; पिशवी दाबावी लागत नाही. सागवानाची बारा मिलिमीटर जाडीची फळी पुरते. करवतीने तुकडे कापावेत, रंध्याने अंग साफ करावे आणि पटाशीने टोकांना दात पाडून फळ्या एकमेकींत गुंतवाव्यात. खिळा लागत नाही. जुना सरस जनावरांच्या चामड्या-हाडांपासून होत असे. ज्यांना तो नको, त्यांनी आजचा कृत्रिम गोंद वापरावा. झाकण खाचेतून सरकणारे असावे. वरून जवसाच्या तेलाचा हात पुरे. पहिल्या प्रयत्नात एखादा सांधा सैल बसेल; तेवढ्यासाठी पेटी टाकून देऊ नये. वडिलांनी मुलाचे वेडेवाकडे पहिले अक्षर कधी टाकले नव्हते.

लाकूडच का, याला एक व्यवहारी कारणही आहे. विमानतळावर सामान क्ष-किरणांखाली तपासले जाते. जाड धातूच्या कलशाचे अंतरंग त्यात दिसत नाही, लाकडाचे दिसते. अमेरिकेत तर तपासनीस अस्थींचे पात्र उघडत नाहीत आणि आतले दिसले नाही तर ते पुढे नेऊ देत नाहीत. सोबत मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचे पत्र ठेवावे. विमान कंपनीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

अवशेष जपून ठेवण्याची कळकळ या भूमीला नवी नाही. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा असे करंडक निघाले. सोन्याच्या करंडकात होते काय? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे मानले गेले.

आणि प्रतीक्षेचे उदाहरण पं. श्यामजी कृष्ण वर्मा यांचे. त्यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले होते. ३० मार्च १९३० रोजी जिनिव्हात श्यामजींचे निधन झाले. आपल्या आणि पत्नी भानुमती यांच्या अस्थी शंभर वर्षे सांभाळल्या जाव्यात आणि देश स्वतंत्र झाल्यावर मायभूमीत न्याव्यात, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. स्वातंत्र्य १९४७ ला आले. अस्थी आल्या २००३ च्या ऑगस्टमध्ये. ज्या मुलाला सहा महिने थांबावे लागते, त्याने स्वतःला दोष देऊ नये.

ज्यांची इच्छा निराळी असेल, तीही पाळावी. स्वातंत्र्यवीरांनी आपल्या मृत्युपत्रात विद्युतदाहिनीत दहन व्हावे, पारंपरिक क्रियाकर्म करू नये असे सांगितले होते. २७ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत चंदनवाडीला तसेच दहन झाले. जाणाऱ्याचा शब्द हाच पहिला विधी.

रामकुंडावर आल्यानंतर मात्र एक भान ठेवावे. १६९६ मध्ये बांधलेल्या आणि पुढे थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी सुधारलेल्या या कुंडात अस्थी विलय पावतात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्या पाण्यात केवळ अस्थी जाव्यात. प्लास्टिकची पिशवी, दोरे, तेल लावलेली पेटी यांतले काही गोदावरीत सोडू नये. ज्या मातेच्या कुशीत वडिलांना ठेवायचे, तिलाच मलिन करून ते कसे साधेल? तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आपल्या पूर्वजांची नावे शोधावीत आणि त्यांच्याखाली वडिलांचे नाव लिहवून घ्यावे.

मग उरते रिकामी पेटी. ती धुऊन, उन्हात वाळवून घरी न्यावी. त्यात वडिलांचा चष्मा, हातची पत्रे, नित्यपाठाची पोथी ठेवावी. पुढे नातू विचारील, ही कोणी केली? तेव्हा त्याला दोन्ही नावे सांगावीत: ज्याने केली त्याचे आणि ज्याच्यासाठी केली त्याचे. आणि ज्या तीन घरांना कलश बांधण्याचा अधिकारही मिळाला नाही, त्यांचीही आठवण सांगावी.